सांगाडा शिकवणारा माणूस

शोधांचा इतिहास लिहिताना आपण सहसा दोनच प्रश्न विचारतो : कोणी केले आणि केव्हा केले. ते करायला त्या माणसाला कोणी शिकवले, हा तिसरा प्रश्न बहुधा राहूनच जातो. सायकलीच्या इतिहासात तर तो हमखास राहतो.

१८८५ मध्ये इंग्लंडमधील कोव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली यांची 'रोव्हर' सायकल आली. पुढच्या काही वर्षांत तिच्या सांगाड्याला आज सर्वपरिचित असलेला हिऱ्याच्या आकाराचा घाट मिळाला : पुढे मोठा त्रिकोण, मागे लहान. १८९७ मध्ये बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स यांनी टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट घेतले. सांध्यापाशी ताण अधिक, म्हणून धातू तेथे अधिक. मधल्या भागात तो कमी करून वजन वाचवायचे. हलका सांगाडा घडवण्याचे बरेचसे शास्त्र या एका नळीत सामावलेले होते. कसब मात्र नळीत नव्हते. ते छोट्या कार्यशाळांतल्या कारागिरांच्या हातात होते आणि उमेदवारी करणाऱ्या पोरांकडे वर्षानुवर्षे पाहून-पाहून झिरपत होते. त्याला लिखित रूप फारसे नव्हते. देण्याची घाईही कोणाला नव्हती. कसब हेच ज्याचे भांडवल, त्याने ते वाटत का सुटावे?

१९७० नंतर अमेरिकेत प्रौढांमध्ये सायकलीची मोठी लाट आली. १९७३ या एका वर्षात तेथे दीड कोटीहून अधिक सायकली खपल्या. हाताने सांगाडे घडवणारे मात्र मोजकेच होते. त्यांतल्या अल्बर्ट आयझेनट्राउट यांनी कॅलिफोर्नियात एक वेगळीच गोष्ट केली : त्यांनी वर्ग घेतले. परका माणूस यावा, शिकावा, स्वतःच्या हाताने सांगाडा घडवावा आणि आपल्या वाटेने जावा.

अशा वर्गात काय शिकतात, ते थोडे तपशिलाने सांगायला हवे. आधी स्वाराचे माप घेतात : पाय, धड, हात. त्यावरून सांगाड्याचे आरेखन होते आणि मग नळ्या कापल्या जातात. गोल नळी दुसऱ्या गोल नळीला भिडायची, तर तिच्या टोकाला माशाच्या उघड्या तोंडासारखी खाच लागते. ती अर्धगोल कानशीने घासून आणावी लागते. नवशिक्याचा सर्वाधिक वेळ येथे जातो, कारण फट राहिली तर ती पितळ भरून लपवता येते, पण सांधा दुबळाच राहतो. मग नळ्या साच्यात घट्ट बसवून झाळायच्या. पितळ सुमारे ९०० अंश सेल्सिअसला वितळते. पोलाद त्या तापमानाला वितळत नाही, पण ज्योत एकाच जागी रेंगाळली तर मिलिमीटरहून पातळ नळीची ताकद जाते. पुरेसे तापले की नाही, हे धातूच्या रंगावरून ओळखायचे. हा रंग वर्णन करून सांगता येत नाही. शेजारी उभे राहून 'आता' म्हणणारा कोणीतरी लागतो. (कविता शिकवता येते का, हा वाद आपल्या मराठी विभागांत अधूनमधून रंगतो. तो वाद घालणाऱ्यांनी एकदा झाळकाम पाहावे, असे मला वाटते.)

आयझेनट्राउट यांच्याकडे १९७४ मध्ये शिकलेल्यांत जो ब्रीझ नावाचा तरुण होता. शिकला तो रस्त्यावरच्या सायकलीचा सांगाडा, आणि सुरुवातीला त्याने घडवलेही तसेच. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, मरीन परगण्यात, त्याचे मित्र भलत्याच नादाला लागले होते. १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या, जाड टायरांच्या श्विन सायकली घेऊन ते डोंगरातल्या कच्च्या वाटांवरून सुसाट खाली येत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्सजवळच्या उतारावर त्यांची पहिली शर्यत झाली. पॅडल उलटे दाबून लागणारा ब्रेक उतरताना इतका तापे, की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे; त्यावरून त्या वाटेला 'रीपॅक' हेच नाव पडले. जुने सांगाडेही मोडत.

चार्ली केली या शर्यती भरवत असे. त्याने ब्रीझला या कामासाठीच नवा सांगाडा घडवायला सांगितले. येथे वर्गातल्या शिक्षणाची खरी कसोटी लागली. वर्गात शिकलेले माप, कोन, नळ्यांची जाडी यांतले जवळपास काहीच येथे चालणारे नव्हते. ब्रीझने जुन्या श्विनचे कोन उचलले, क्रोमोली पोलादाच्या दणकट नळ्या घेतल्या आणि हँडलखालच्या नळीपासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत दोन्ही बाजूंनी एकेक जादा तिरकी नळी बसवली. मोडके सांगाडे पाहिलेल्या माणसाची ती सावधगिरी असावी. आकृती त्याला कोणी शिकवली नव्हती. आकृती बदलली तरी सांधा कसा टिकवायचा, हे शिकवले होते.

१९७७ च्या शरद ऋतूत पहिली 'ब्रीझर' तयार झाली. मुद्दाम डोंगरासाठी घडवलेली पहिली आधुनिक सायकल म्हणून तिचा उल्लेख होतो. पुढच्या वर्षी आणखी नऊ झाल्या. १९७९ मध्ये केली आणि गॅरी फिशर यांनी टॉम रिची यांचे सांगाडे घेऊन कंपनी काढली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची 'स्टंपजंपर' जपानी कारखान्यांत बनून बाजारात उतरली. हाताच्या कामातून निघालेले रूप अवघ्या चार वर्षांत कारखान्याचे झाले.

माउंटन बाइकचा जनक कोण, यावर पुढे बरीच हमरीतुमरी झाली. फिशर, ब्रीझ, रिची, केली, प्रत्येकाचे पाठीराखे आहेत आणि प्रत्येकाच्या बाजूने काही ना काही पुरावा आहे. त्या यादीत आयझेनट्राउट यांचे नाव नसते, आणि ते योग्यच म्हणावे लागेल, कारण माउंटन बाइक त्यांनी बनवली नाही. मात्र हस्तनिर्मित सांगाड्यांच्या जगात त्यांची ओळख सांगताना त्यांच्या सायकलींइतकीच त्यांच्या विद्यार्थ्यांची नावे घेतली जातात : ब्रूस गॉर्डन, मार्क नोबिलेट, जो ब्रीझ. पहिली ब्रीझर आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.