मोटारीच्या पुढच्या स्प्रिंगा

चाकाला बसणारा धक्का आंतील माणसापर्यंत पोंचूं न देण्याचा प्रश्न मोटारीहून जुना आहे. स्प्रिंग जितकी दाबावी तितका तिचा प्रतिकार वाढतो, हा नियम रॉबर्ट हूक यानें १६७८ मध्यें प्रसिद्ध केला. घोडागाडीचे पोलादी पाटे पुढें मोटारीनेंहि उचलले. परंतु पुढचीं दोन्ही चाकें एकाच आंसाला जखडलेलीं असल्यामुळें एक खड्ड्यांत गेलें कीं दुसरेंहि डगमगे. मॉरिस ओली या इंजिनियराच्या खटपटीनें जनरल मोटर्सनें १९३४ मध्यें कॅडिलॅकसारख्या गाड्यांत प्रत्येक पुढच्या चाकाला स्वतंत्र, वेटोळ्याची स्प्रिंग दिली.

१९६४ सालच्या पाँटिॲक 'जी. टी. ओ.'मध्यें मध्यम आकाराच्या गाडींत ३८९ घनइंचांचें अवजड इंजिन बसविण्यांत आलें. त्याचा भार मुख्यतः पुढच्या स्प्रिंगांवर पडला. कित्येक वर्षांनीं त्या बसतात; गाडीचें नाक झुकतें, चाकांचे कोन बिघडतात आणि टायर एका बाजूनें झिजतात.

अशा वेळीं दोन्ही स्प्रिंगा एकदम बदलतात. एकच बदलल्यास गाडी तिरपी उभी राहते. दबलेली स्प्रिंग म्हणजे ताणलेलें धनुष्यच. ती अवचित सुटल्यास जिवावर बेतेल. म्हणून सांगाडा भक्कम टेकूंवर ठेवून, स्प्रिंग आवळून धरणारें साधन लावून, जॅकवर तोललेली खालची भुजा हळूहळू उतरवावी लागते. शेवटीं चाकांचे कोन पुन्हा जुळवावे लागतात.

नवी स्प्रिंग निवडतांना ती एक इंच दाबण्यास किती पौंड भार लागतो, हें पाहतात. हूकचा नियम येथें आजहि उपयोगीं पडतो.