दोन दिवे आणि साठ फूट

जत्रेत फुगे फोडायला छऱ्याची बंदूक हातात घेतलीय ना कधी? तिथे नेम चुकला की आपण बंदुकीला शिव्या देतो (आणि बऱ्याचदा ती खरंच वाकडी असते). अंतराला कोणी दोष देत नाही, कारण फुग्यांची फळी कायम तेवढ्याच लांब असते. मोकळ्या मैदानात एअर रायफल घेऊन उभं राहिलं की खरी पंचाईत कळते. छर्रा हलका, वेग कमी, त्यामुळे जाता जाता तो चांगलाच खाली येतो. टार्गेट २० मीटरवर आहे की ३५, हा अंदाज चुकला की हात कितीही स्थिर असू दे, छर्रा मातीत.

यावर काही नेमबाज एक जुगाड करतात. दुर्बिणीच्या खाली लेझर बसवतात, पण समांतर नाही, किंचित वर कललेला. मग नजरेची रेषा आणि लेझरची रेषा एका ठरावीक अंतरावर एकमेकींना छेदतात. समजा २५ मीटरवर. तिथे लाल ठिपका बरोब्बर क्रॉसहेअरच्या मध्यावर दिसतो. टार्गेट जवळ असेल तर ठिपका खाली दिसणार, लांब असेल तर वर. आधी टेप लावून मोजलेल्या अंतरांवर ठिपका कुठे पडतो ते वहीत लिहून ठेवलं, की झाली मोजपट्टी.

मला हे वाचताना एकदम आठवली १६ मे १९४३ ची रात्र. तेव्हा लेझर नव्हताच. थिओडोर मेमनने पहिला लेझर चालवून दाखवला तो १६ मे १९६० ला. तारीख तीच निघाली हा निव्वळ योगायोग, पण भूमितीही तीच होती, हा मात्र नाही.

बार्न्स वॉलिस नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने जर्मनीतली धरणं फोडायला एक बॉम्ब बनवला होता. पिंपाच्या आकाराचा, चार टनांहून जड. धरणांपुढे टॉर्पेडो अडवायला जाळ्या असायच्या. म्हणून हा बॉम्ब उलटा गरगर फिरवत पाण्यावर सोडायचा. तळ्यात चपटा दगड तिरका मारल्यावर टप्पे घेत जातो ना, तसा तो जाळ्यांवरून उड्या मारत भिंतीला भिडणार, तिथेच बुडणार आणि पाण्याखाली फुटणार. आधी तो १५० फुटांवरून टाकायचा विचार होता, पण चाचण्यांमध्ये त्याचं कवच पाण्यावर आपटून फुटायला लागलं. उंची कमी करत करत आली ६० फुटांवर. म्हणजे जेमतेम पाच-सहा मजली इमारत. त्या उंचीवरून चार इंजिनांचं लँकेस्टर विमान, आत सात माणसं, ताशी सुमारे ३७० किलोमीटर वेग, आणि रात्र! विमानातलं उंची सांगणारं यंत्र हवेच्या दाबावर चालायचं. एवढ्या खाली त्याच्यावर भरवसा ठेवणं म्हणजे आत्महत्याच.

तोडगा सुचवला बेंजामिन लॉकस्पायजर या सरकारी शास्त्रज्ञाने. विमानाच्या पोटाखाली दोन दिवे लावा, एक पुढे, एक मागे. त्यांचे झोत असे तिरके करा की बरोबर ६० फुटांवर पाण्यावरची दोन वर्तुळं एकमेकांना चिकटून इंग्रजी आठाचा आकडा दिसेल. उंची बदलली की आकडा मोडणार. नॅव्हिगेटरने बाजूच्या काचेतून खाली बघायचं आणि पायलटला सांगत राहायचं, खाली घे, अजून खाली, बस. (१९५५ च्या सिनेमात ही कल्पना नाटकाच्या स्पॉटलाइटवरून सुचल्याचं दाखवलंय. सीन छान आहे, पण तसं घडलं नव्हतं.)

ही झाली उंची. धरणापासूनचं अंतर मोजायचं साधन तर आणखी साधं होतं. इंग्रजी Y सारखी एक लाकडी फळी, दोन टोकांना दोन खिळे. डोळा मागच्या टोकाला लावायचा, आणि भिंतीवरचे दोन बुरूज दोन खिळ्यांच्या मागे आले की सोडा बॉम्ब. हलत्या विमानात एका हाताने फळी धरणं जमेना, म्हणून काहींनी तीही टाकून दिली. समोरच्या काचेवर दोन खुणा केल्या, काचेला दोरी बांधली आणि ती ताणून नाकाजवळ धरली. झालं!

यातली मेख कळली असेलच तुम्हाला. अंधारात दिवे लावून, सरळ रेषेत, ठरलेल्या वेगाने येणारं विमान धरणावरच्या तोफांना आयतंच दिसत होतं. म्योने धरणावर दुसरा गेला जॉन हॉपगुड. त्याच्या विमानाला गोळे लागले, आग लागली आणि ते कोसळलं. त्यानंतर तुकडीचा प्रमुख गाय गिब्सन, स्वतःचा बॉम्ब टाकून झालेला असूनही, तोफांचं लक्ष स्वतःकडे वळवायला तिथेच घिरट्या घालत राहिला. पाचव्या बॉम्बनंतर भिंत फुटली. पुढच्या एडर धरणावर तोफा नव्हत्या, पण डोंगर इतके अंगावर होते की नीट येणंच मुश्किल. तेही फुटलं.

१९ विमानं गेली होती, ८ परत आली नाहीत. १३३ जणांपैकी ५३ मेले. आणि खाली, दरीत, पुरात १,३०० हून जास्त लोक गेले. त्यांत निम्म्याहून अधिक जर्मन नव्हतेच. ते कैदी होते, आणि सक्तीने कामाला आणलेले परदेशी मजूर. म्योनेच्या खाली नेहाइम गावाजवळ अशा मजूर बायकांची छावणी होती, बऱ्याचशा सोव्हिएत युनियनमधून धरून आणलेल्या. ज्या देशाने त्यांना पकडलं होतं त्याच देशाचं धरण फुटलं, आणि पाणी आलं ते त्यांच्याच बराकींवर.