वजनकाट्याची साक्ष

यवतमाळच्या श्रोत्यांना कापसाचा व्यवहार मी सांगावयास नको. गाडी काट्यावर चढली की वजन कळते; परंतु धाग्याची लांबी आणि कापसातील ओल पाहिल्यावाचून व्यापारी भाव बोलत नाही. लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेच्या बाबतीत वैद्यकाने मात्र बराच काळ नुसत्या काट्याची साक्ष ग्राह्य धरली. त्याची झळ स्त्रियांना अधिक, कारण ही शस्त्रक्रिया करवून घेणाऱ्यांत त्याच बहुसंख्य आहेत.

१९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथील क्रेमेन, लिनर प्रभृतींनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून अन्नाला जवळची वाट करून दिल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. वजन झपाट्याने उतरे, आणि रोगी व शल्यवैद्य दोघेही संतुष्ट होत. पण काही वर्षे लोटली आणि कोणाचे यकृत बिघडले, कोणाला मूतखडे झाले. अखेर ती पद्धत सोडून द्यावी लागली. काटा मात्र खोटे बोलत नव्हता! त्याला पुढचे विचारणेच चूक होते. १९६६ साली आयोवा येथील एडवर्ड मेसन यांनी जठर लहान करून त्याला आतडे जोडण्याची निराळी पद्धत आरंभिली. आजच्या पद्धतींचा उगम बराचसा तेथे आहे.

दूरचे परिणाम मोजण्याचे कष्ट घेतले ते स्वीडनने. १९८७ पासून तेथे शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० व न झालेल्या २,०३७ लठ्ठ व्यक्तींची नोंद ठेवण्यात आली. त्यांत सुमारे सत्तर टक्के स्त्रिया होत्या. २००७ साली कळले की शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यू सुमारे एकचतुर्थांशाने कमी आहेत. २००९ साली दिसले की कर्करोगाचे प्रमाण स्त्रियांत घटले, पुरुषांत घटले नाही. २०१२ चा निष्कर्ष तर डोळे उघडणारा होता. हृदयविकारापासून कोणाचा बचाव अधिक होईल, हे आधीच्या लठ्ठपणावरून सांगता येईना, पुढे किती किलो उतरले त्यावरूनही सांगता येईना. ज्यांच्या रक्तात आरंभी इन्शुलिन अधिक होते, त्यांना लाभ अधिक झाला.

पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना या निष्कर्षाचे नवल वाटले नसावे. २००४ साली त्यांनी व लंडनच्या जॉन युडकिन यांनी आपल्या दोघांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण चरबी युडकिनांच्या अंगी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगी २१.२ टक्के! पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या पाहणीत त्यांना हीच गोष्ट तान्ह्या बाळांतही आढळली: सरासरी वजन २.७ किलो, अंग काटकुळे, पण चरबी टिकून राहिलेली. म्हणूनच आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेची वजनमर्यादा खाली आणावी, असे २०२२ साली शल्यवैद्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी सुचविले.

मर्यादा खाली आणली तरी काटा तो काटाच, असे माझे मत आहे. जठर व आतडे आखडले की लोह आणि ब-१२ जीवनसत्त्व अंगी लागणे कठीण होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. शाकाहारी घरांत ब-१२ चीही उणीव असते. २०१५ साली स्वीडनमध्येच दिसून आले, की शस्त्रक्रियेनंतर गरोदर राहिलेल्या स्त्रियांत मधुमेह कमी झाला, पण लहान बाळांचे प्रमाण वाढले. आपल्याकडील बाळे आधीच लहान. त्यामुळे येथील तरुण बाईच्या बाबतीत तिच्या साखरेचा काळ, हिमोग्लोबिन, ब-१२ आणि मूल हवे आहे की नाही, हे किलोच्या आधी विचारावयास हवे. आणि आणखी एक प्रश्न, जो कोणत्याही परदेशी कोष्टकात सापडावयाचा नाही: उमरखेड किंवा पांढरकवड्याहून दरवर्षी रक्त तपासावयास तिला कोण नेणार, आणि आयुष्यभराच्या गोळ्यांचा खर्च घरात कोणाच्या हाती आहे?