मग दमनकाचं काय झालं?

माझी भाची नऊ वर्षांची आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ती माझ्याकडे राहायला आली होती. रोज रात्री पंचतंत्रातली एक गोष्ट, असा आमचा करार होता. पहिलं तंत्र संपलं त्या रात्री मी पुस्तक मिटलं, दिवा बंद केला आणि अंधारातून प्रश्न आला, "मावशी, मग दमनकाचं काय झालं?"

"काय होणार? तो मंत्री झाला."

"पण त्याने खोटं बोलून बैलाला मारायला लावलं ना? मग त्याला शिक्षा?"

मी दिवा परत लावला आणि शेवटचं पान पुन्हा वाचलं. शिक्षा नव्हती.

गोष्ट तुम्हाला आठवत असेल. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची घट्ट मैत्री होते. दमनक आणि करटक हे दोन कोल्हे राजाच्या मर्जीतून उतरलेले असतात. दमनक आधी सिंहाचे कान भरतो, मग बैलाचे. शेवटी सिंह आपल्याच मित्राला मारतो आणि हळहळतो. दमनक त्याची समजूत घालतो आणि मंत्रिपदावर सुखाने राहतो. मुलांना शिकवायला लिहिलेलं पुस्तक, आणि त्याच्या पहिल्याच भागात लबाड जिंकतो!

हे पुस्तक कशासाठी लिहिलं, ते त्याच्या सुरुवातीलाच सांगितलंय. महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजाला तीन मुलगे असतात आणि तिघांनाही अभ्यासाचा मनस्वी कंटाळा असतो. दरबारात चर्चा होते. नुसतं व्याकरण शिकायलाच बारा वर्षं लागतात, असं पंडित सांगतात. मग ऐंशी वर्षांचा विष्णुशर्मा पुढे येतो आणि म्हणतो, सहा महिन्यांत यांना राजनीती शिकवतो. राजा इनाम देऊ करतो, तर तो म्हणतो, मी विद्या विकत नाही. मुलांना घरी नेतो आणि प्राण्यांच्या गोष्टी सांगायला लागतो.

आपल्याला वाटतं, गोष्ट म्हणजे कडू औषधावरची साखर. मलाही तसंच वाटायचं. भाचीच्या प्रश्नानंतर मी पुस्तक नीट वाचायला घेतलं, तेव्हा वेगळंच काहीतरी दिसलं.

सशाने सिंहाला विहिरीत त्याचं प्रतिबिंब दाखवून बुडवलं, ही गोष्ट कोणाला माहीत नाही? शाळेत तिच्याखाली एक ओळ असायची, 'तात्पर्य: शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ'. पण मूळ पुस्तकात ही गोष्ट सांगतो कोण? दमनक! सिंह-बैलाची मैत्री तू कशी तोडणार, असं करटक विचारतो, तेव्हा दमनक त्याला हा ससा ऐकवतो. म्हणजे आपण लहानपणी टाळ्या वाजवत ऐकलेली गोष्ट ही एका कारस्थानाची तयारी आहे.

निळ्या कोल्ह्याचंही तेच. त्याचं नाव चंडरव, म्हणजे भयंकर आवाजाचा. नावातच विनोद आहे, कारण निळीच्या पिंपात पडून राजा झालेला हा कोल्हा पकडला जातो तो कोल्हेकुईमुळेच. सोंग घेऊन राजाला फसवणाऱ्याची ही गोष्टसुद्धा दमनकच सिंहाला सांगतो, तोंडावरची रेघ न हलवता.

करटकही गप्प बसत नाही. उंदरांनी लोखंडाचा तराजू खाल्ला, असं सांगणाऱ्या सावकाराची गोष्ट त्याची. तराजूचा मालक भांडत नाही. तो सावकाराच्या मुलाला लपवतो आणि सांगतो, ससाण्याने उचलून नेला. उंदीर लोखंड खाऊ शकतात, तर ससाणा मुलगा का उचलणार नाही? माझी भाची या गोष्टीला इतकी हसली, की शेजारच्यांनी भिंतीवर टकटक केलं.

तिथून आमचा एक खेळ सुरू झाला. गोष्ट संपली की तीन प्रश्न विचारायचे: कोण सांगतंय? कोणाला सांगतंय? आणि आत्ताच का सांगतंय? आधी नावं फोडायची, मग हे प्रश्न. दमनक म्हणजे दमन करणारा. पिंगलक म्हणजे पिंगट. दोनच दिवसांत ती माझ्या पुढे गेली. सुभाषित आलं की उठून बसायची, "थांब, हे म्हणतंय कोण?" कारण पंचतंत्रात चोरही सुभाषितं बोलतात आणि सावही. विष्णुशर्म्याला हेच शिकवायचं असणार. ज्या मुलांना उद्या दरबारात बसायचं आहे, त्यांना सुविचार पाठ असून भागत नाही. सुविचार कोणाच्या तोंडून येतोय, हे ओळखता यावं लागतं.

पण शिक्षेचं काय? तो प्रश्न पडलेली माझी भाची पहिली नव्हती.

सहाव्या शतकात इराणच्या खुस्रो अनुशिरवानच्या दरबारातला वैद्य बुर्झोय भारतात आला. मेलेल्यांना उठवणारी वनस्पती शोधायला आला आणि हे पुस्तक घेऊन गेला, अशी कथा फिरदौसीच्या शाहनाम्यात आहे. त्याने ते पहलवी भाषेत नेलं. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने त्यावरून अरबी पुस्तक केलं. कानगोष्टींच्या खेळात शब्द बदलत जातो, तशी नावंही बदलली. करटकाचा कलीला झाला, दमनकाचा दिमना. पुस्तकाचं नावच 'कलीला व दिमना'.

या अरबी पुस्तकात एक प्रकरण जास्तीचं आहे, दिमनाच्या खटल्याचं. बैल मेल्यावर चौकशी बसते, साक्षी होतात आणि दिमनाला मरणाची शिक्षा मिळते. हे प्रकरण इब्न अल-मुकफ्फानेच घातलं, असं अभ्यासक मानतात. लबाड सुटला, हे त्याला सहन झालं नसावं. पुढे बसऱ्याच्या सुभेदाराने त्यालाच ठार मारवलं. गोष्टीतल्या जंगलात त्याने लावलेला न्याय त्याच्या वाट्याला आला नाही.

मराठीत छपाई आली, तेव्हा पहिल्या काही पुस्तकांत प्राण्यांच्या गोष्टी होत्या. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यातून 'बालबोध मुक्तावली' हे इसापच्या गोष्टींचं पुस्तक निघालं, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात. १८२२ साली मुंबईत 'पंचोपाख्यान' छापलं गेलं. १८२८ मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे यांचं 'बाळमित्र' आलं आणि इसापनीतीही आली. मुलांच्या हाती मराठी पुस्तक पडलं, ही केवढी मोठी गोष्ट! पण गोष्ट शाळेत गेली की तिला परीक्षेलाही बसावं लागतं, आणि परीक्षेत विचारायला सगळ्यात सोयीचं असतं ते तात्पर्य. ससा दमनकाच्या तोंडातून सुटला आणि एकटाच धड्यात येऊन बसला.

सुट्टी संपली, भाची घरी गेली. महिन्याभराने बहिणीचा फोन आला. "तू काय शिकवलंयस हिला?"

वर्गात तानाजीची गोष्ट चालली होती. यशवंती घोरपड कड्यावर चढली, असं बाई सांगत होत्या. भाचीने हात वर करून विचारलं, "हे कोण सांगतं?" वर्ग हसला. डायरीत शेरा आला: 'वर्गात फाजील प्रश्न विचारते.' ती घरी येऊन रडली होती.

मला रात्रभर चैन पडलं नाही. खेळ माझा होता आणि शेरा तिला मिळाला होता. शनिवारी मी त्यांच्याकडे गेले आणि आम्ही तिघी डायनिंग टेबलावर बसलो.

मी तिला सांगितलं, सिंहगड घेतला १६७० साली. कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली १६९७ मध्ये, जिंजीला. त्यात मावळे माकडासारखे कडा चढले असं आहे, घोरपड नाही. घोरपड येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात. पोवाडा लोकांसमोर उभं राहून गायचा असतो. कडा किती सरळसोट आहे, हे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभं करायचं असतं.

"म्हणजे शाहीर खोटं बोलला?"

"कोण सांगतंय, कोणाला सांगतंय, आत्ताच का सांगतंय?" मी म्हटलं.

ती बराच वेळ टेबलावर बोटाने कडा काढत बसली. मग म्हणाली, "पण घोरपड नसेल, तर ते रात्री अंधारात नुसत्या हातापायांनी चढले. मग ते आणखीनच भारी आहेत."

बहीण माझ्याकडे बघत राहिली. तिला भीती होती की मुलगी प्रश्न विचारून श्रद्धा घालवून बसेल. मलाही होती, खोटं कशाला सांगू. पण प्रश्नाच्या पलीकडे गेल्यावर तानाजी तिच्यासाठी लहान झाला नव्हता. उलट कड्याची उंची तिला आता मोजता येत होती.

शेऱ्याखाली पालकांची सही लागते. बहिणीने ती केली आणि शेजारी लिहिलं, 'घरी चर्चा केली. सभासदाची बखर पाहावी, ही विनंती.' डायरी दप्तरात टाकली, चहा ठेवला आणि ओट्याशी उभ्या-उभ्याच मला विचारलं, "पण काय गं, त्या दमनकाचं पुढे काय झालं?"