न झालेले वादळ

वादळ ही समुद्रकाठची गोष्ट, अशी तापीकाठच्या माणसाची समजूत असते. सुरत–भुसावळ लोहमार्गावरच्या नरडाण्यासारख्या गावी उन्हाळ्यातली वावटळ सर्वांच्या ओळखीची. ती पाचोळा गरगरवत वर नेते आणि पाहता पाहता विरून जाते. मे-जूनच्या वादळी वाऱ्यात रावेर-यावलकडच्या केळीबागा आडव्या होतात, हे दुःखही नवे नाही. परंतु 'चक्रीवादळ' म्हटले की खानदेशी माणूस कोकणाकडे बोट दाखवतो. गंमत अशी, की कोकणातल्या माणसाला विचारावे तर तो आंध्र-ओडिशाकडे बोट दाखवतो. वादळे बंगालच्या उपसागरात होतात, आपला पश्चिम किनारा सुरक्षित आहे, असे त्याने वाडवडिलांकडून ऐकलेले असते. या समजुतीला इतिहासाचा आधार कितपत आहे, आणि मुळात वादळाचा इतिहास आपण कसा लिहितो, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

समजूत निराधार नाही. अरबी समुद्राच्या तुलनेत बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे सुमारे चौपट होत आली आहेत. पावसाळ्याच्या ऐन महिन्यांत अरबी समुद्रावर खालच्या आणि वरच्या थरांतले वारे परस्परविरुद्ध दिशांनी वाहतात आणि वादळाची रचनाच मोडून टाकतात. त्यामुळे मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर असे दोनच काळ उरतात. त्या काळात निर्माण होणारी बहुतेक वादळे ओमानच्या दिशेने जातात, किंवा वळून गुजरातवर आदळतात. म्हणजे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ येणे क्वचितचे आहे. पण 'क्वचित' या शब्दाचा अर्थ लोकस्मृतीत हळूहळू 'कधीच नाही' असा होऊन बसला.

कागदपत्रे वेगळे सांगतात. मे १६१८मध्ये वसई-मुंबई परिसरात मोठे वादळ झाले. चर्च आणि मठांची छपरे उडाली, असे पोर्तुगीजकालीन वृत्तांतांत नमूद आहे. १ नोव्हेंबर १८५४च्या रात्रीच्या वादळात मुंबई बंदरातल्या गलबतांची दुर्दशा झाली. चार तासांत पाच लाख पौंडांची मालमत्ता नष्ट झाली आणि सुमारे हजार माणसे दगावली, असे जुन्या नोंदी सांगतात. नोव्हेंबर १९४८मध्ये मुंबईला पुन्हा तडाखा बसला. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले.

यांपैकी १६१८ किंवा १८५४ची वादळे आज सामान्य वाचकाला ठाऊक नसतात. याउलट, वादळांच्या अनेक याद्यांत आणि संदर्भग्रंथांत ठळकपणे आढळते ते तिसरेच वादळ. ६ जून १८८२, 'मुंबईचे महावादळ', मृत्यू एक लाख! जगातल्या सर्वांत प्राणघातक वादळांमध्ये त्याची गणना होत आली. अलीकडे अभ्यासकांनी त्याचा माग काढला, तेव्हा ते मुळी झालेच नव्हते, असा निष्कर्ष निघाला.

हा निष्कर्ष पडताळून पाहण्यासाठी हवामानशास्त्रज्ञ असण्याची गरज नाही. १८८१च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे ७ लाख ७३ हजार होती. १८९१मध्ये ती ८ लाख २२ हजारांच्या घरात गेली. दर आठ माणसांत एक, या प्रमाणात शहर एका दिवसात मृत्युमुखी पडले असते, तर त्याचा व्रण दिसला नसता काय? कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१पासून नियमित निरीक्षणे होत होती. भारतीय हवामान खाते स्थापन होऊन सात वर्षे लोटली होती. मुंबईत इंग्रजी, गुजराती, मराठी वृत्तपत्रे भरभराटीत होती आणि पुण्यात 'केसरी' निघून दीड वर्ष होत आले होते.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला तर याहून जवळचा साक्षीदार उपलब्ध आहे. कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्याची सुनावणी मुंबईच्या उच्च न्यायालयात झाली, ती जुलै १८८२मध्ये, म्हणजे या कथित प्रलयानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी. टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि आगरकरांनी 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' लिहिले. लाखभर प्रेते पडलेल्या शहरात सहा आठवड्यांत न्यायालय रीतसर भरते, वकील युक्तिवाद करतात, अब्रुनुकसानीचा निवाडा होतो, हे चित्र मनाला पटत नाही. ते वर्ष आपल्याला वादळासाठी नव्हे, या खटल्यासाठी आठवते, यातच पुष्कळ काही आले.

मग हा लाखाचा आकडा टिकला कसा? एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरून. प्रत्येक लेखकाने आधीच्या लेखकावर विश्वास ठेवला. मूळ साधनापर्यंत कोणी गेले नाही. हस्तलिखितांच्या परंपरेत एका नकलकाराची चूक पुढच्या सर्व प्रतींत कशी उतरते, हे पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना सांगायला नको.

अमिताव घोष यांनी 'द ग्रेट डिरेंजमेंट' (२०१६) या पुस्तकात याची दुसरी बाजू मांडली आहे. १७ मार्च १९७८ रोजी उत्तर दिल्लीत अचानक टोर्नेडो झाला, त्यात ते स्वतः सापडले होते. दिल्लीत असे काही घडू शकते याची कल्पनाच नसल्याने त्याला काय म्हणावे, हेही वृत्तपत्रांना लगेच उमगले नाही. पुढे इतक्या कादंबऱ्या लिहूनही घोष यांना तो प्रसंग कथेत आणता आला नाही, कारण वास्तववादी कादंबरीला इतका असंभाव्य योगायोग सोसत नाही. १८८२चे उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहावे. कादंबरीला खरे वादळ अविश्वसनीय वाटले. संदर्भग्रंथांना मात्र खोटे वादळ सहज पचले, कारण ते तारीख आणि आकडा घेऊन आले.

शोध घेणाऱ्यापुढे शब्दांचीही अडचण आहे. 'सायक्लोन' ही संज्ञा हेन्री पिडिंग्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कलकत्त्यात रूढ केली. 'चक्रीवादळ' हा तिच्यामागून आलेला शब्द. जुन्या मराठी कागदांत हा शब्द शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही आणि 'आपल्याकडे असे होत नव्हते' हा समज मात्र पक्का होईल. तिथे वादळ, तुफान, झंझावात असेच शोधावे लागेल.

हा केवळ पांडित्याचा प्रश्न नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात किनाऱ्यावर आले. रायगड आणि दापोली भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा, ज्या उभ्या राहायला एक पिढी लागते, काही तासांत झोपल्या. क्षीण होत ते वादळ उत्तर मध्य महाराष्ट्रावरून विदर्भाकडे सरकले. समुद्राचे वादळ खानदेशच्या दाराशी येऊन गेले. त्याआधी २०१९मध्ये अरबी समुद्रात एकाच वर्षी पाच चक्रीवादळे झाली होती. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२१मध्ये दाखवून दिले, की १९८२–२०००च्या तुलनेत २००१–२०१९मध्ये या समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या सुमारे निम्म्याने वाढली आहे.

अशा वेळी १८८२चे वादळ खोटे ठरले, म्हणून 'पाहा, इथे काही होत नसते' असा निष्कर्ष कोणी काढील, ही भीती आहे. तो तितकाच चुकीचा ठरेल. खोटी नोंद खोडताना खऱ्या नोंदी पुढे आणणे ही अभ्यासकाची जबाबदारी आहे. जिल्ह्याजिल्ह्यांची गॅझेटियरे, मिशनऱ्यांची पत्रे, बंदरांची दप्तरे आणि जुनी वृत्तपत्रे ग्रंथालयांत आहेत. पश्चिम किनाऱ्याच्या वादळांची विश्वसनीय मराठी बखर अद्याप लिहून व्हायची आहे. ती लिहिणारा विद्यार्थी वाङ्मयाच्या वर्गातून का निघू नये?