रंगाखालचे सागवान : बीडचे वाडे आणि त्यांच्या रंगांचा इतिहास

१/ बीड, अंबाजोगाई, धारूर किंवा माजलगाव येथील जुन्या गल्लीत एखाद्या वाड्याच्या चौकटीवरचा रंगाचा पोपडा निघालेला दिसतो. वर फिकट गुलाबी, त्याखाली हिरवा, त्याखाली आकाशी आणि सर्वांत खाली तेल पिऊन काळसर झालेले लाकूड. हे थर म्हणजे त्या घराचा न लिहिलेला हिशेब होय. कोणता रंग केव्हा आला, तो का स्वीकारला गेला आणि त्याने लाकडाचे काय केले, याचा हा आढावा. वरवर सौंदर्याचा वाटणारा हा विषय १९९३ नंतर मराठवाड्यात जीविताचाही ठरला आहे.

२/ प्रथम घराची रचना पाहू. मराठवाड्यातील जुने घर माळवदाचे असते. बाहेरून पाहणाऱ्यास दगडमातीच्या जाड भिंतीच दिसतात; परंतु चांगल्या बांधलेल्या वाड्यात छताचा भार त्या भिंतींवर नसतो. आत लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर फळ्या वा काटक्या आणि त्यावर मातीचा जाड थर. चार खांबांच्या मधली जागा म्हणजे एक खण. घर किती मोठे, हे खणांच्या संख्येवरून सांगितले जाई. भिंत ही ऊन, वारा आणि चोर यांच्यापासूनचे कवच होते. घर उभे राही ते लाकडाच्या सांगाड्यावर.

३/ हा सांगाडा रस्त्यावरून थोडाच दिसतो: महाद्वाराची चौकट, ढाळजेचे खांब, माडीच्या खिडक्या, सज्जाचे कठडे, बाहेर डोकावणारी कड्यांची टोके. ज्याची ऐपत, त्याच्याकडे सागवान. इतरांकडे कडुनिंब आणि बाभूळ. बालाघाटाच्या उघड्या माथ्यांवर उत्तम साग विपुल नव्हता, त्यामुळे मोठे लाकूड दुरून आणावे लागे. म्हणूनच पडलेल्या घराचे लाकूड नव्या घरात पुन्हा बसविले जाई. आज शंभर वर्षांच्या वाटणाऱ्या घरातला एखादा खांब त्याहूनही जुना असू शकतो.

४/ भिंतींना रंग देण्याची मूळ रीत मातीची आणि चुन्याची. पांढऱ्या मातीचा पोतारा घरातील स्त्रिया सणापूर्वी स्वतः देत. जरा सधन घरात चुना. भट्टीत भाजलेली चुनखडी म्हणजे कळीचा चुना; तो पाण्यात विरविला की विरलेला चुना तयार होतो. तो गाळून, त्यात डिंक किंवा मीठ घालून कुंच्याने भिंतीवर फिरवीत. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हा लेप पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो. मात्र त्याची छिद्रे बुजत नाहीत. भिंतीत मुरलेले पावसाचे पाणी उन्हाळ्यात त्याच छिद्रांतून वाफ होऊन निघून जाते.

५/ लाकडाची रीत वेगळी. मराठवाड्याच्या काळ्या रानात रब्बीला जवस पिकतो आणि जवसाच्या तेलाचा एक गुण खोबरेल किंवा एरंडेलात नाही: ते सुकते. हवेतील ऑक्सिजन घेऊन त्याचा चिवट पापुद्रा बनतो. उकळून लवकर सुकणारे केलेले हेच तेल बाजारात बेलतेल म्हणून मिळते. असे तेल फडक्याने लाकडात जिरविले की लाकूड पाणी कमी पिते, ऊन सोसते, आणि तरीही आतली ओल बाहेर येऊ देते. तेलाचा हात पुनःपुन्हा द्यावा लागतो. ती या पद्धतीची अडचण होती आणि तेच तिचे सामर्थ्यही.

६/ सामर्थ्य असे की, तेल लावणारा माणूस प्रत्येक वेळी प्रत्येक खांबापाशी बसत असे. कोठे वाळवीची मातीची रेघ चढली, कोठे तळ भुसभुशीत झाला, कोठे कडीचे टोक काळे पडले, हे त्याच्या हाताला आपोआप कळे. गावचा सुतार बलुतेदार होता. त्याला निरोप गेला की तो येऊन खांबाचा किडलेला भाग कापून नवा तुकडा सांधून देई. रंगकाम आणि तपासणी ही दोन कामे नव्हतीच. पुढे झालेली हानी समजून घेण्यासाठी हा मुद्दा लक्षात ठेवावा लागेल.

७/ आता आकाशी थर. चुन्यात मिसळली जाणारी नीळ आणि नीळ वनस्पतीपासून कापडासाठी काढलेली नीळ यांत गल्लत होते. भिंतीवरची निळाई बहुधा कृत्रिम अल्ट्रामरीनची असते. पूर्वी हा रंग लाजवर्द या मौल्यवान दगडापासून मिळे. १८२८ च्या सुमारास फ्रान्समधील गिमे आणि जर्मनीतील ग्मेलिन यांनी तो कृत्रिम रीतीने तयार केला आणि पुढे तो कपडे उजळविण्याच्या पुडीतून घरोघरी पोचला. चुन्याच्या क्षारात तो टिकतो. त्यामुळे वाडा अठराव्या शतकातील असला तरी त्याची अशी निळाई त्यानंतरची ठरते.

८/ त्यावरचा हिरवा किंवा तपकिरी चकचकीत थर म्हणजे ऑइल पेंट. हावड्यात १९०२ मध्ये शालिमार, मुंबईच्या लोअर परळ येथे १९२० मध्ये गहागन पेंट्स (पुढची नेरोलॅक) आणि मुंबईतच १९४२ मध्ये एशियन पेंट्स, असा देशी रंग उद्योगाचा क्रम आहे. एशियन पेंट्सचा गट्टू १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी रेखाटला. या कंपनीच्या ग्रामीण विस्ताराविषयी पोळ्याची गोष्ट नेहमी सांगितली जाते: बैलांची शिंगे रंगविण्यास शेतकऱ्यांना रंगाचे छोटे डबे हवे होते, आणि ते या कंपनीने पुरविले. शिंगांवरचा हिंगूळ गेला आणि डब्यातला रंग आला. उरलेला रंग दाराच्या चौकटीला लागणे हे ओघानेच आले.

९/ परंतु केवळ रंग बाजारात आला म्हणून रीत बदलली असे नाही. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाले. १९४९ मध्ये जहागिऱ्या रद्द झाल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला, १९५४ मध्ये इनामे रद्द करणारा कायदा झाला. कसणाऱ्याच्या हाती जमीन जाणे न्यायाचे होते. त्याचा एक परिणाम असा की, वाड्यांना पोसणारे उत्पन्न आटले. बलुत्याची व्यवस्थाही ओसरत गेली. तिच्यात जखडलेल्या अनेकांसाठी ती सुटकाच होती. मात्र वर्षाकाठी तेल देणारे हात राहिले नाहीत. एकदा मारला की अनेक वर्षे पाहावे लागत नाही, असा रंग तेव्हा सोयीचा वाटला.

१०/ त्याच काळात वाटण्या झाल्या. एका वाड्याचे दोन-तीन बिऱ्हाडांत विभाजन झाले की दर्शनी भागही विभागला जाई. म्हणून काही वाड्यांवर एकाच तुळईचा अर्धा भाग हिरवा आणि अर्धा पिवळा दिसतो. रंग जिथे बदलतो तिथे भाऊबंदकीची हद्द असते. महसुली कागदपत्रांत ही वाटणी कधी नोंदली जाते, कधी नाही. लाकडावर मात्र ती स्पष्ट वाचता येते. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाने अशा खुणांची छायाचित्रे घेणे अगत्याचे आहे.

११/ ऑइल पेंटने लाकडाचे काय केले? पहिली काही वर्षे भलेच केले. पुढे थरावर थर चढले, पापुद्रा जाड आणि ताठर झाला. लाकूड ऋतुमानाप्रमाणे फुगते आणि आक्रसते. ताठर पापुद्रा तसे करू शकत नाही, म्हणून तो तडकतो. त्या बारीक भेगेतून पाणी आत जाते आणि भोवतीच्या न फुटलेल्या रंगामुळे त्याला परत निघता येत नाही. भिंतीला चुन्याऐवजी सिमेंटचा गिलावा दिला की ओल आणखी कोंडते. सर्वांत आधी कुजतो तो खांबाचा तळ, जिथे लाकूड दगडी तळखड्यावर टेकते. वर रंग मात्र चमकत असतो.

१२/ या कोंडलेल्या ओलीचा अर्थ ३० सप्टेंबर १९९३ नंतर बदलला. गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. बीडला लागून असलेल्या लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे मेली. बहुतेकांचा जीव दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीखाली गेला. गळती थांबविण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या माती टाकल्याने काही छते दोन फुटांपर्यंत जाड झाली होती.

१३/ भूकंपानंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी एक भेद नोंदविला. ज्या घरांत छत थेट भिंतींवर होते, तिथे भिंत पडताच छतही कोसळले. जिथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा शाबूत होता, तिथे भिंती ढासळूनही अनेक ठिकाणी छत खांबांवर टिकले आणि आतल्यांना वाव मिळाला. हे सर्वत्र घडले नाही. भिंती आतल्या बाजूला पडल्या तर सांगाड्याचाही इलाज चालला नाही. सांधे सैल वा तळ कुजलेले असतील तर सांगाडाही कोसळला. म्हणजे लाकडाची प्रकृती हा मुद्दा निर्णायक होता, आणि तीच रंगाने झाकली जात होती.

१४/ लोकांनी मात्र भूकंपातून दुसराच अर्थ घेतला: माळवद म्हणजे मरण. ही भीती अनाठायी नव्हती; ज्यांनी ढिगारे उपसले त्यांना लाकडाचे गुण सांगून काय उपयोग? परिणामी अनेक ठिकाणी माळवदे उतरविली गेली आणि वाडे पाडले गेले. जुने सागवान विकत घेणारे व्यापारी दारी येऊ लागले. खांब, कोरीव चौकटी आणि गणेशपट्ट्या शहरांतील हॉटेलांच्या व बंगल्यांच्या सजावटीत गेल्या. उरलेल्या वाड्यांना दर काही वर्षांनी नवा रंग दिला जातो, आणि तोच त्यांच्याकडे लक्ष जाण्याचा एकमेव प्रसंग असतो.

१५/ म्हणून रंगकामाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी छताची गळती आणि पन्हाळी, मग लाकूड, शेवटी रंग. जुना थर काढल्यावर प्रत्येक खांबाच्या तळाशी दाभण टोचून पाहावे. निरोगी सागात ते सहज शिरत नाही. लोण्यात शिरल्यासारखे गेले तर लांबी भरून वर रंग मारणे म्हणजे रोग झाकणे होय. तिथे सुतार हवा, आणि भार पेलणारा खांब असेल तर अभियंताही. लाकूड वाळलेले असताना, म्हणजे पावसाळा सरून काही काळ गेल्यावर काम घ्यावे. भिंतीला चुना आणि लाकडाला तेल ही जुनी जोडी आजही शक्य आहे. तेलाने भिजलेली फडकी मात्र गोळा करून ठेवू नयेत. ती आपोआप पेट घेऊ शकतात.

१६/ जुना थर काढतानाही दोन धोके असतात. पहिला शिशाचा. भारतात घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या थरांत शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूस घातक असते. म्हणून कोरडे घासू नये. पृष्ठभाग ओला करून खरवडावे, पोपडे गोळा करावेत, मुलांना दूर ठेवावे. दुसरा धोका आगीचा. ज्योतीने रंग जाळून काढण्याची पद्धत जुन्या लाकडावर वापरू नये. लाकडी वास्तू किती लवकर जाते हे पुण्याने १८२८ मध्ये शनिवारवाड्याच्या आणि १८७९ मध्ये बुधवारवाडा व विश्रामबागवाड्याच्या आगीत पाहिले आहे.

१७/ शेवटी इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी. सगळे थर खरवडून टाकण्यापूर्वी चौकटीच्या आडोशाच्या कोपऱ्यात तळहाताएवढी जागा तशीच सोडण्यास घरमालकाला विनंती करावी. तिथे एकेक थर पायरीप्रमाणे उघडा करून त्याचे छायाचित्र घ्यावे, आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे की हिरवा रंग कोणाच्या लग्नात दिला, आकाशी कोणी बदलला. ज्या घरांची बखर नाही आणि ज्यांचे दप्तर वाळवीने खाल्ले, त्यांच्याजवळ एवढेच साधन उरले आहे. पुढचा रंग चढण्याआधीच ते वाचून घेतले पाहिजे.