टिळकांचे दान आणि लक्ष्मीबाईंचा संसार

कविवर्य रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या हाती पैसा कधी टिकला नाही. देण्याची वृत्ती मूळचीच. १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर तिला श्रद्धेचे अधिष्ठान लाभले. १९१७ साली तर त्यांनी अमेरिकन मराठी मिशनच्या वेतनावरही पाणी सोडले व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. परदेशी पैशाचा टेकू नसलेला, येथल्याच भक्तांनी पोसलेला ख्रिस्तधर्म त्यांना हवा होता. विचार थोर खरा. पण घरखर्चाची तोंडमिळवणी लक्ष्मीबाईंना करावी लागे! अवघ्या दोन वर्षांत, १९१९ साली, टिळक निवर्तले. पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना लक्ष्मीबाईंनी पतीच्या औदार्याबरोबर घरातली ओढाताणही सांगितली. हसतहसत, काही न झाकता.